‘उन्हावर तापणारं घर स्वतः बांधा’ पॅकेज: दोन हिवाळे राहून मग लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेतीन स्टार. त्यातला अर्धा त्यांच्या नकाशातल्या एका पानासाठी, ते पान नसतं तर तीनवरच थांबलो असतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असलं पॅकेज विकणारे आता बरेच झालेत, एकाचं बघून दुसऱ्याने काढल्यासारखे सगळे, आणि माझी जी मेन तक्रार आहे ती यातल्या बऱ्याच जणांना लागू पडेल असं मला वाटतं.

पॅकेजमध्ये काय येतं ते पटकन. ६०० चौरस फुटाच्या एकमजली घराचे नकाशे, सामानाची यादी, एक एक्सेल शीट ज्यात आपला अक्षांश टाकला की सूर्याचे कोन येतात, आठ-दहा तासांचे व्हिडिओ, आणि फोनवर तीन वेळा सल्ला. जाहिरातीत मोठ्या अक्षरात ‘हीटर विसरा’. मी हीटर विसरलो नाही, पण पहिल्या हिवाळ्यात रोज लावायचो तो दुसऱ्या हिवाळ्यात मोजून नऊ रात्री लावला, आणि हा जो फरक पडला ना तो पॅकेजमधल्या गोष्टींनी नाही पडला, पॅकेजने दीड पानात उरकलेल्या गोष्टींनी पडला. रिव्ह्यू लिहायचं कारण तेच.

आता ते चांगलं पान. घर पूर्व-पश्चिम लांब, ३० बाय २०, लांब बाजू दक्षिणेला, खिडक्या जवळजवळ सगळ्या त्याच बाजूला, उत्तरेला फक्त बाथरूमची झडप, पश्चिमेला एक छोटी. बाथरूम, स्टोअर, जिना काय असेल ते उत्तरेला ढकललेलं, म्हणजे थंड भिंतीला आपली पाठ लागत नाही. (विषुववृत्ताच्या खाली राहणाऱ्यांनी इथून पुढे दक्षिणेच्या जागी उत्तर वाचा.) हे ऐकायला सोपं वाटतं पण आधी आम्ही स्वतः कागदावर जे घर काढलं होतं त्यात सगळ्यात मोठी खिडकी पश्चिमेला होती, कारण तिकडे व्ह्यू आहे. तसं बांधलं असतं तर उन्हाळ्यात संध्याकाळी भाजलो असतो आणि हिवाळ्यात काहीच मिळालं नसतं. नकाशाने वाचवलं, याचं पूर्ण क्रेडिट त्यांना.

फक्त त्यांच्या प्रस्तावनेत जे ‘नवं तंत्रज्ञान’ वगैरे लिहिलंय ते हसू आणतं राव. दक्षिणेकडे तोंड असलेल्या घरात हिवाळ्यात ऊन ओसरीच्या आत येतं आणि उन्हाळ्यात डोक्यावरून निघून जातं, हे सॉक्रेटिस बोलल्याची नोंद आहे, म्हणजे झाली जवळजवळ चोवीसशे वर्षं. काचेमागे काळी भिंत ठेवून खोली तापवायची आयडिया अमेरिकेत एडवर्ड मोर्सने १८८१ मध्येच पेटंट करून ठेवली होती. तीच पुढे फ्रान्समध्ये ओदेयो इथे फेलिक्स ट्रॉम्ब आणि आर्किटेक्ट जाक मिशेल यांनी १९६७ च्या घरात वापरली आणि नाव पडलं ट्रॉम्ब वॉल. लडाखमध्ये फे गावाजवळ सेकमॉल या शिक्षणसंस्थेचं कॅम्पस आहे, मातीच्या भिंती आणि दक्षिणेला काच, तिथली मुलं हिवाळा त्याच्यावर काढतात. तेव्हा नवं काही नाही, आणि नवं नाही हीच यातली खरी दिलासा देणारी गोष्ट आहे.

दिशा काढायचं व्हिडिओत सांगितलंय फोनच्या होकायंत्राने. नका करू. मी पहिल्यांदा फोन हातात घेऊन उभा राहिलो तो नेमका सळ्यांच्या ढिगाशेजारी, दोन पावलं सरकलो तर दक्षिण वीसेक अंशांनी सरकली. शिवाय होकायंत्र चुंबकीय दिशा दाखवतं, सूर्याची दक्षिण वेगळी, आणि काही भागांत दोन्हींत बराच फरक असतो. मग जुनीच पद्धत केली, एक सरळ काठी ओळंब्याने उभी रोवली, सकाळी साडेनऊच्या सुमाराला सावलीच्या टोकाला खुंटी ठोकली, काठीला सुतळी बांधून तेवढ्याच लांबीचं वर्तुळ मातीत ओढलं आणि वाट बघत बसलो. सावली आखडत आखडत काठीजवळ आली, मग परत लांबायला लागली, आणि दुपारी ज्या क्षणी वर्तुळाला टेकली तिथे दुसरी खुंटी. दोन खुंट्या जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम, त्याला काटकोनात दक्षिण. एक अख्खा दिवस गेला पण सगळ्या बांधकामात इतका शांत दिवस परत मिळाला नाही. आणि अगदी डिग्रीवर अडून बसू नका, पंधरा अंश इकडेतिकडे झाले तरी फार काही बिघडत नाही, प्लॉटच तिरका असेल तर उगाच जीव काढू नका.

छज्जाचं गणित एक्सेल शीटमध्ये बरोबर आहे, मी हाताने करून पाहिलं. २१-२२ डिसेंबरला दुपारी सूर्य किती वर असतो तर ९० मधून अक्षांश वजा करायचा आणि अजून साडेतेवीस वजा करायचे. जूनमध्ये साडेतेवीस मिळवायचे. समजा अक्षांश ३२ आहे, तर डिसेंबरात साडेचौतीस अंश आणि जूनमध्ये साडेएक्याऐंशी, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. २ फुटांचा छज्जा, तो खिडकीच्या माथ्यापासून सव्वा फूट वर, खिडकी ५ फूट उंच. डिसेंबरात ऊन जवळपास पूर्ण खिडकीतून आत, जूनमध्ये दुपारी पूर्ण सावली. मस्त.

आता शीट जे सांगत नाही ते ऐका. सूर्य मार्चच्या २१ ला जिथे असतो तिथेच तो सप्टेंबरच्या २३ ला असतो. पण हवा तशी नसते ना! मार्चमध्ये अजून थंडी रेंगाळलेली असते आणि सप्टेंबरात जमीन उन्हाळाभर तापलेली. वरच्याच मापाच्या छज्जाने त्या दोन्ही दिवशी दुपारी खिडकीचा पाचपैकी दोन फूट भाग सावलीत आणि तीन फूट उन्हात असतो, मार्चला ते हवंय, सप्टेंबरला नकोय. पहिल्या सप्टेंबरात आमच्या घरात दुपारी ३१ डिग्री आणि बाहेर २६. आम्ही आपले बाहेर अंगणात खुर्च्या टाकून बसलेलो, स्वतःच्या सोलर घराकडे बघत. उपाय साधा आहे, छज्जा थोडा छोटा ठेवायचा आणि पुढे काढता-घालता येईल अशी चटई किंवा शेडनेट. वेल लावा असंही सांगतात, लावा, पण पानं झडल्यावर राहिलेल्या काटक्याही बरीच सावली पाडतात हे धरून चाला.

काच. इथे सगळ्यात मोठा डोक्याला शॉट लागला, आणि याला पॅकेजच जबाबदार आहे असं मी म्हणेन. सामानाच्या यादीत एकच ओळ: ‘डबल ग्लास, लो-ई, ५४ चौरस फूट’. ५४ म्हणजे जमिनीच्या ९ टक्के, ते माप बरोबर आहे, साधारण ७ ते १२ टक्क्यांच्या आत राहायचं असतं आणि ७ च्या वर गेलं की थर्मल मास, म्हणजे ऊब साठवून ठेवणारं काँक्रीट, पाणी असलं जड सामान, वाढवावं लागतं. पण लो-ई, म्हणजे उष्णता अडवणारा अगदी पातळ थर दिलेली काच, दोन जातीची असते हे कोणी सांगितलं नाही. एक जी आतली उष्णता आत ठेवते पण ऊन येऊ देते, आणि दुसरी जी ऊनच बाहेर अडवते, ऑफिसच्या बिल्डिंगांना असते ती, एसीचं बिल कमी व्हावं म्हणून. दुकानदाराने दुसरी दिली. त्याच्या बाजूने तो बरोबरच होता म्हणा, गिऱ्हाईक लो-ई मागतं तेव्हा त्याला बहुतेक तीच हवी असते.

बसवल्यावर डिसेंबरात लख्ख ऊन, मी काचेच्या आत तळवा धरून उभा आणि काहीतरी चुकतंय असं वाटतंय, ऊन दिसतंय पण लागत नाहीये. शेजारची झडप उघडून दुसरा हात मोकळ्या उन्हात धरला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मग काचेच्या कागदपत्रांत शोधलं, एसएचजीसी (किती ऊन आत येतं त्याचा आकडा) ०.३०. या आकड्याचा अर्थ शंभर टक्के उन्हातलं तीसच टक्के आत येतंय. साध्या डबल काचेचा हा आकडा ०.७५ च्या आसपास असतो. म्हणजे माझं निम्म्याहून जास्त हीटिंग दुकानातच राहिलं होतं. दक्षिणेच्या काचा परत साध्या डबल करून घेतल्या, आणि चुकलेल्यातली एक पश्चिमेच्या खिडकीला लावली, तिथे ती एकदम योग्य आहे. तर काच घेताना दोन आकडे लेखी मागा, यू-व्हॅल्यू (काचेतून ऊब किती निसटते तो आकडा) कमी हवी आणि दक्षिणेसाठी एसएचजीसी जास्त हवा, दुकानदार ‘एकदम बेस्ट क्वालिटी’ म्हणाला की समजा त्याला माहीत नाही.

पैसे वाचवायला एका खिडकीची डबल काच मी घरीच बनवली, व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे, मध्ये १२ मिलिमीटरची लाकडी पट्टी, कडेने सिलिकॉन. दिसायला झकास. तीन आठवड्यांत दोन काचांच्या मध्ये वाफ, सकाळी त्यातून थेंब ओघळायचे आणि लाकूड खालून काळं पडायला लागलं. लाकडातलाच ओलावा तो, कोंडला गेला होता. नंतर खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने दोन बारीक भोकं पाडली तेव्हा कुठे सुधारली, पण आतल्या बाजूचा डाग गेला नाही, काच उघडल्याशिवाय जाणारही नाही. फॅक्टरीत त्या मधल्या पट्टीत ओलावा शोषणारे दाणे भरलेले असतात, उगाच नाही.

ट्रॉम्ब वॉल आम्ही केली नाही. नकाशात पर्याय होता, १२ इंची भरीव भिंत, बाहेरून काळी, पुढे काच. यात ऊब भिंतीतून आत यायला साधारण तासाला एक इंच या हिशोबाने वेळ लागतो, म्हणजे दुपारचं ऊन मध्यरात्री खोलीत पोचतं, थिअरी सुंदर आहे. पण दक्षिणेची बाजू अशी भिंतीने बंद करायची आमच्या हिची तयारी नव्हती, ‘उन्हासाठी घर बांधतोय आणि ऊनच दिसणार नाही का’ हा प्रश्न, मला उत्तर देता आलं नाही. त्याऐवजी ड्रम ठेवले. ही स्टीव्ह बेअरची पद्धत, त्याने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू मेक्सिकोत स्वतःच्या घरात काचेमागे पाण्याच्या ड्रमांची भिंतच रचली होती.

ड्रमचं गणित मला फार आवडतं म्हणून लिहितोच. २०० लिटर पाणी १० डिग्री तापलं की त्यात २.३ युनिट (विजेच्या बिलात असतं तेच युनिट) ऊब साठते. तेवढ्याच आकारमानाचं काँक्रीट याच्या निम्म्याच्या आसपास साठवतं. आमच्याकडे आठ ड्रम आहेत, पण खरं तर दिवसभरात ते १० डिग्री तापत नाहीत, ५-६ डिग्री तापतात, तर ९ ते ११ युनिट म्हणा. फुकट. ना पंप ना पंखा ना बिघडायला काही. मॅट काळा रंग द्या, चकचकीत ऑइलपेंट नको. वर तीन-चार बोटं जागा रिकामी सोडा, पाणी तापून फुगतं. पत्र्याचा ड्रम असेल तर गंज लागू नये म्हणून पाण्यात गंजरोधक टाका किंवा सरळ प्लास्टिकचे घ्या. आमचा एक पत्र्याचा ड्रम दुसऱ्या महिन्यात तळातून पाझरला, रात्री अडीचला पायमोजे ओले झाले तेव्हा कळलं. आणि प्रत्येक ड्रम भरल्यावर २०० किलोच्या वर जातो, वरच्या मजल्यावर असले प्रयोग इंजिनिअरला विचारल्याशिवाय अजिबात नको.

जमीन ४ इंची काँक्रीटची, वर गडद रंगाचा कोबा. ४ इंचांपेक्षा जास्त जाडी वाढवून रोजच्या तापण्या-थंडावण्यात फारसा फायदा होत नाही, हे पॅकेजमध्ये बरोबर दिलंय. काय दिलं नाही तर आई. आई राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी दक्षिणेच्या खिडकीसमोर, जिथे सगळ्यात छान ऊन पडतं तिथे, तिने जाड सतरंजी अंथरली, ‘पाय गार पडतात रे फरशीवर’. चार दिवस सकाळचं तापमान दोन डिग्रीने उतरलेलं आणि मी आपला थर्मामीटर बदलून बघतोय! ऊन सतरंजीवर पडत होतं, सतरंजी तापत होती, हवा तापत होती, आणि खालचं काँक्रीट थंडगार. आता तडजोड अशी की सतरंजी संध्याकाळी अंथरायची आणि सकाळी गुंडाळायची. आई करते, पण तोंड वाकडं करून.

इथपर्यंत पॅकेज ठीक. आता मुख्य दुखणं.

स्वच्छ हिवाळी दिवशी ५ चौरस मीटर चांगल्या दक्षिण-काचेतून आमच्या हिशोबाने पंधराएक युनिट ऊब आत येते. आता रात्र धरा, १४ तास, आत १६ आणि बाहेर उणे ४, म्हणजे २० डिग्रीचा फरक. काच सिंगल असती तर त्याच खिडकीतून रात्रभरात जवळजवळ ८ युनिट बाहेर गेली असती. दिवसभराच्या कमाईतली अर्धी कमाई, ज्या दारातून आली त्याच दारातून! डबल काचेला ती ४ च्या आसपास येते. आणि हे फक्त खिडकीचं झालं, भिंती, छप्पर, फटी वेगळ्या. म्हणून पहिल्या हिवाळ्यात आमच्याकडे रोजचं चित्र हे असं की दुपारी तीनला आत २३-२४, टीशर्टवर फिरतोय, पाहुण्यांना कौतुकाने दाखवतोय, आणि सकाळी सहाला १२. बारा! बारा म्हणजे तोंडातून वाफ निघायच्या बेतात.

पहिल्या कॉलला विचारलं तर म्हणे काच वाढवा. दुसऱ्या कॉलला म्हणे पुढे काचेची पडवी काढा. इतिहास जरा वाचला असता तर असं बोलले नसते. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत अशी काचाळ घरं पुष्कळ झाली, त्यातली कितीतरी दिवसा भट्टी आणि रात्री फ्रिज. उलट कॅनडात रिजायना इथे १९७७ ला सस्कॅचेवान कॉन्झर्व्हेशन हाऊस बांधलं त्यात भर कशावर तर जाड इन्सुलेशन आणि फटी बुजवण्यावर. जर्मनीत डार्मश्टाटला १९९१ चं पॅसिव्हहाउस, म्हणजे हीटिंग अगदी कमी लागणारं घर, तेही त्याच वाटेने. म्हणजे ऊन मिळवायचं कसं हे शोधण्यापेक्षा ते जाऊ द्यायचं नाही कसं, याच्यात जास्त मिळकत आहे, आणि हे कळून इतकी वर्षं झाली तरी पॅकेजमध्ये ‘इन्सुलेशन’ या विषयाला दीड पान, त्यातलं अर्धं पान फोटो.

मग आम्ही आमचं केलं. काय केलं ते सविस्तर सांगतो कारण हेच कामाचं आहे.

सगळ्यात आधी फटी. खूप वारा असलेल्या दिवशी सगळी दारं-खिडक्या बंद केली, किचनचा एक्झॉस्ट चालू केला म्हणजे घर बाहेरची हवा आत ओढायला लागतं, आणि उदबत्ती घेऊन मी आणि मेव्हणा एकेक चौकट फिरलो. धूर सरळ वर जात असतो आणि एका ठिकाणी अचानक आडवा होतो, कोणीतरी फुंकर मारल्यासारखा. चौकट आणि भिंतीच्या सांध्यात तर होताच, पण सगळ्यात जास्त कुठे? स्विचबोर्डच्या मागे, आणि भिंत जिथे पत्र्याला भेटते तिथे सलग अख्खी रांग. मेव्हणा म्हणाला, ‘दाजी, एवढ्या फटी म्हणजे एक खिडकी रात्रभर उघडी टाकल्यासारखंच झालं की’. दोन रविवार फोम आणि सिलिकॉनच्या नळ्या. सकाळचं तापमान १२ वरून १३ च्या वर गेलं, बाकी काहीच न करता.

मग छप्पर. गरम हवा वर जाते हे शाळेत शिकतो आणि घर बांधताना विसरतो. पत्र्याखाली आधी २ इंच ग्लासवूल होतं, नकाशात तेवढंच होतं, त्याचं ६ इंच केलं, खालून प्लास्टिकची शीट सलग चिकटवून, नाहीतर आतली वाफ वर जाऊन थंड पत्र्याला लागते आणि ग्लासवूल भिजतं, भिजलेलं ग्लासवूल म्हणजे ओली गोधडी. हातमोजे आणि मास्क घाला, मी पहिल्या दिवशी घातले नाहीत, आठवडाभर खाजवत बसलो.

भिंतींना बाहेरून ३ इंच थर्माकोल, जास्त घनतेचा, वर जाळी आणि गिलावा. बाहेरूनच, आतून नाही. आतून लावलं की विटांची भिंत बाहेरच्या थंडीच्या बाजूला पडते आणि तिच्यात साठवलेली ऊब आपल्याला मिळतच नाही. हा एक मुद्दा पॅकेजने दोन ओळीत का होईना बरोबर लिहिलाय. गवंडी आधी हसले, ‘साहेब, घराला स्वेटर घालताय का’, मी म्हटलं हो तेच करतोय. जोत्याच्या कडेनेही जमिनीत २ फूट खोल लावायला हवं होतं, फरशीची कड तिथून गारठते, पण तिथे साधा थर्माकोल पाणी पितो, एक्सपीएस, म्हणजे पाणी न पिणारा दाट फोम, लागतं. ते आमचं राहून गेलं, बांधतानाच करायचं काम होतं, आता भोवतीने खणायला जीवावर येतंय.

आणि पडदा. हा पडदा म्हणजे या सगळ्यातला हिरो. जुन्या दोन रजया, मध्ये चांदीसारखी फॉइल शीट, वर दांडी, खाली वजनाला सळईचा तुकडा शिवलेला. दोन्ही कडा चौकटीला चिकटणाऱ्या पट्टीने दाबून बसतात, आणि ते महत्त्वाचं आहे, कारण कडा मोकळ्या सोडल्या तर पडद्यामागची हवा थंड होऊन खालून बाहेर पडते, वरून गरम हवा आत खेचली जाते आणि पडदा असून नसल्यासारखा. संध्याकाळी ऊन गेलं की खाली, सकाळी ऊन लागलं की वर. एका अख्ख्या रविवारचं शिवणकाम, खर्च जवळजवळ काहीच नाही, आणि एकट्या पडद्याने सकाळी दीड डिग्री जास्त.

दुसऱ्या हिवाळ्यात सकाळी सहाला आत १६.५, बाहेर तीच उणे ४. त्या नऊ हीटरच्या रात्री कोणत्या, तर लागोपाठ तीन-तीन दिवस ढग होते त्या. ड्रम एक रात्र निभावतात, दुसरी कशीबशी, तिसरीला हात वर करतात. हे सगळ्यांनी आधीच मान्य करून चाला, ढगाळ हिवाळ्याच्या भागात राहत असाल तर नुसत्या उन्हाच्या भरवशावर राहू नका. एक प्रकारचं रासायनिक मीठ (खायचं नव्हे) वितळवून ऊब जास्त दिवस साठवायचा प्रयोग मारिया टेल्केस या शास्त्रज्ञ बाईने अमेरिकेत १९४८ च्या डोव्हर घरात केला होता, पण मिठाचे थर वेगळे होत गेले आणि काही हिवाळ्यांत ते बंद पडलं. घरी कोणी करायला जाऊ नका असं माझं मत.

एक सीरियस गोष्ट. घर असं फटी बुजवून घट्ट केलं की आत कोळशाची शेगडी वगैरे अजिबात पेटवायची नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. ताजी हवा यायला ठरवून केलेली वाट हवी. आम्ही पूर्वेला आणि बाथरूमला बंद-उघड करता येणाऱ्या छोट्या झडपा ठेवल्यात आणि सकाळी ऊन आल्यावर दहा मिनिटं सगळं उघडतो. पॅकेजमध्ये याबद्दल एक अक्षर नाही, आणि यासाठी मी अर्धा स्टार कापलाय.

दुसरा अर्धा कापलाय स्ट्रक्चरसाठी. सगळ्या खिडक्या एकाच भिंतीत म्हणजे ती भिंत कमजोर, भूकंपात इमारत एका बाजूला पिळली जाते. नकाशात त्या भिंतीत कॉलम नव्हते, आमच्या इंजिनिअरने बघितल्या बघितल्या दोन कॉलम आणि लिंटेलवर (खिडक्यांच्या माथ्यावरची तुळई) सलग पट्टा वाढवला. पॅकेजच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘स्थानिक इंजिनिअरचा सल्ला घ्यावा’ आहे, पण ते पहिल्या पानावर जाड अक्षरात पाहिजे होतं ना.

राहिलेला अर्धा तिसऱ्या कॉलचा. त्यांच्या सांगण्यावरून शेवटी काचेची पडवी काढलीच, पूर्वेकडच्या खोलीपुढे. तिरकी काच सुचवत होते ती मी ऐकली नाही, उभीच लावली, तिरकी उन्हाळ्यात भाजते आणि पावसात गळते हे त्या सत्तरच्या दशकातल्या लोकांनी आपल्यासाठी शिकून ठेवलंय. पडवी छान आहे, दुपारी तिथे कपडे दोन तासांत वाळतात, आई तिथेच बसते. पण रात्री ती बाहेरच्याइतकीच थंड होते, म्हणून पडवी आणि खोली यांच्यामध्ये घट्ट बसणारं दार लागतं, जे संध्याकाळी बंद करायचं. नकाशात तिथे नुसती कमान होती! कॉलवर विचारलं तर समोरचा मुलगा म्हणाला ‘सर, ओपन प्लॅन जास्त चांगला दिसतो’. बरं.

‘स्वतः बांधा’ या शब्दाबद्दल पण थोडं. व्हिडिओत दोन माणसं हसत हसत सगळं करताना दिसतात. आम्हाला सुट्टीचे दिवस धरून अकरा महिने लागले, पाया, कॉलम, छताचा सांगाडा आणि वायरिंग माणसं लावूनच केलं, बाकी इन्सुलेशन, फटी, रंग, ड्रम, पडदे, कोब्याचा थोडा भाग आम्ही. आणि खरं सांगू का, ज्या गोष्टी आपण स्वतः केल्या पाहिजेत त्या ह्याच आहेत, कारण फट बुजवायचं काम रोजावरचा माणूस तुमच्याइतक्या चिकाटीने करणार नाही, रात्री थंडी त्याला लागणार नसते. टायरमध्ये माती ठोकून भिंती करायचा प्रकार पण आम्ही विचारात घेतला होता, न्यू मेक्सिकोतल्या ताओसला मायकेल रेनॉल्ड्सने सुरू केला तो. एक टायर भरून बघितला, शंभर किलोच्या वर माती घणाने ठोकायची, तासभर गेला आणि कंबर गेली. शेकडो टायर लागणार होते. तिथेच विषय संपला.

घ्यावं का? प्लॉट अजून रिकामा असेल आणि नकाशा काढायचा असेल तर घ्या, दिशेचं आणि खिडक्यांचं पान आयुष्यभर कामाला येतं, नंतर घर उचलून फिरवता येत नाही. घर आधीच बांधलेलं असेल तर घेऊ नका, तेच पैसे छपराच्या इन्सुलेशनमध्ये घाला, उदबत्ती घेऊन फिरा आणि रजईचा पडदा शिवा. सामानाची यादी जशीच्या तशी दुकानात नेऊ नका, माझं काय झालं ते वर लिहिलंय.

आमच्या पडवीच्या कमानीत मागच्या महिन्यात सुताराकडून दार बसवून घेतलं, सुंदर दार, पॉलिश वगैरे, आणि खाली बोटभर फट. काल उदबत्ती धरली तर धूर सरळ फरशीवर झोपला. ब्रशवाली पट्टी आणायला आज निघालोय.